पनवेल ते पत्रादेवी : अल्बममध्ये नसलेला रस्ता

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणाऱ्या कुठल्याही कोकणी कुटुंबाचे फोटो पाहा. पहिला फोटो गाडीत सामान भरतानाचा, दुसरा थेट गावच्या पडवीतला. मधले चार-पाचशे किलोमीटर गायब! समुद्र असतो, देऊळ असतं, माशांचं ताटही असतं. रस्ता मात्र नसतो. ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण हाच रस्ता आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत पुरता पालटला आहे.

पनवेलहून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीकडे जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७ आता ६६ झाला. चौपदरीकरणात कडेचे वड, चिंचा, आंबे गेले, वळणं सरळ झाली, पिवळ्या माथ्याचे जुने मैलाचे दगड हलले. कशेडी घाटाच्या पोटातून आता बोगदा आहे. वेळ वाचतो, पण घाटातलं वळणावळणाने खाली उतरणारं हिरवं खोरं त्या वाटेने जाणाऱ्या मुलांना दिसत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी बसगाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल खुला झाला. जुन्या पुलावरून आपण सगळेच वर्षानुवर्षं गेलो. त्याच्या कमानी आपल्यापैकी किती जणांच्या घरच्या फोटोंत आहेत?

जगात काही छायाचित्रकारांनी रस्ता टिपण्याचं हे काम केलं. रॉबर्ट फ्रँक १९५५-५६मध्ये जुनी गाडी घेऊन अमेरिकाभर फिरला. वाटेत काही काळ बायको-मुलंही सोबत होती. सुमारे २८ हजार फोटोंतून त्याने ८३ निवडले आणि ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक झालं. त्यातला शेवटचा फोटो मला सर्वांत जवळचा वाटतो: रस्त्याकडेला उभी गाडी आणि आत त्याचं थकलेलं कुटुंब. एड रुशे याने १९६३मध्ये लॉस एंजेलिस आणि ओक्लाहोमा सिटी यांच्या दरम्यानचे २६ पेट्रोल पंप एका छोट्या पुस्तकात मांडले. जॉन मार्गोलीस याने काही दशकं अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या खाणावळी, मोटेल, चित्रपटगृहं आणि पाट्या टिपल्या. त्याच्या ११ हजारांहून अधिक पारदर्शिका आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि त्या कुणालाही पाहता-वापरता येतात. त्यातल्या कित्येक इमारती आता उभ्या नाहीत.

आपल्याकडे हे नाव रघुबीर सिंग यांचं. १९४२ ते १९९९ एवढंच आयुष्य लाभलेल्या या माणसाने भारत रंगांत पाहिला. त्यांच्या निधनानंतर २००२मध्ये आलेल्या ‘अ वे इन्टू इंडिया’ या पुस्तकात अॅम्बॅसॅडर गाडीच चौकट होते. खिडकीच्या कडा, आरसा, अर्धवट उघडं दार यांच्यामधून बाहेरचा देश दिसतो. गाडीत बसून फोटो काढणाऱ्यांना यातून एक मोलाची गोष्ट शिकता येते. काच आणि दार लपवायची धडपड करू नये, त्यांनाही फोटोत जागा द्यावी. मागच्या सीटवरची पोरं, आजीच्या मांडीवरचा डबा आणि पलीकडे पावसातलं भातशेत हे सगळं एका फोटोत आलं, तर तो प्रवास खरा तुमचा!

आमच्या घरी गाडी नवरा चालवतो, मी डावीकडे, मागे सासूबाई आणि मुलं. कर्नाळ्याचा सुळका दिसला की सासूबाई हात जोडतात. पेणला गणपतीचे कारखाने. रंग चढायच्या आधी ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती बघाव्यात, रंगवलेल्यांपेक्षा त्या मला जास्त देखण्या वाटतात. मे महिन्यात कडेला करवंदं, जांभळं, रातांबे, ओले काजूगर घेऊन बसलेल्या बायका. श्रावणात चिबूड आणि काकड्या. दक्षिणेकडे जावं तशी माती तांबडी होत जाते आणि चिरेखाणी दिसू लागतात. तासून काढलेल्या लाल भिंती, तळाशी पावसाचं हिरवट पाणी, काठावर रचलेले चिरे. सड्यांवरची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, पण ती पाहायला महामार्ग सोडून आत वळावं लागतं.

हाताने रंगवलेल्या पाट्यांवर तर माझा विशेष जीव आहे. ‘घरगुती जेवण मिळेल’, ‘कोकम सरबत’, ‘पंक्चर काढून मिळेल’. प्रत्येक पेंटरचं वळण वेगळं, ‘ळ’ची गाठ वेगळी. फ्लेक्स आला आणि ही अक्षरं एकेक करून झाकली गेली. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात २०१५पासून वर्ज्य झालं. ही अक्षरकला कुठल्या संग्रहालयात जपली जाईल याची वाट पाहू नका. दिसली पाटी की काढा फोटो.

तंत्र थोडकंच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात गाडी फूटभर सरकते आणि जवळचा खांब फरफटतो. एक हजारांश सेकंदात ती दोन सेंटिमीटरही सरकत नाही. म्हणून भर उजेडात चालत्या गाडीतूनही चित्र स्वच्छ येतं, संध्याकाळी मात्र गाडी थांबवावीच लागते. फोन काचेला टेकवून धरला की काचेतली प्रतिबिंबं जातात. खांब तिरके आले, तर दोष हाताचा नसतो. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्या वेळात खांब मागे गेलेला असतो. दूरचा डोंगर धरला, तर हा प्रश्नच येत नाही.

चालकाने मात्र कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. वळणावर, पुलावर, घाटात थांबायचं नाही. नाक्यावर, ढाब्यापाशी, पंपावर गाडी नीट बाजूला घ्यायची. करवंदवाल्या मावशींचा फोटो हवा असेल, तर आधी करवंदं घ्या, मग “मावशी, फोटो काढू का?” असं विचारा. त्या नको म्हणाल्या, तर विषय संपला. काचेआडून चोरून काढलेला फोटो मला कधीच चांगला वाटलेला नाही.

खरी हानी होते ती घरी आल्यावर. अॅग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून प्रत्येकामागे गाव आणि साल लिहिलं जाई. आता शेकड्याने निघतात आणि कुठले ते कुणाला सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्राचा दर्जा उतरतो आणि त्यात नोंदलेली जागाही पुसली जाते. मूळ प्रती संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. वर्षाला वीस-पंचवीस निवडून छापून घ्या. आमच्या घरी मागच्या बाजूला नोंदी सासूबाई सांगतात आणि मुलं लिहितात. कुठल्या वळणावर एसटी चहाला थांबायची, कुठल्या वडाखाली गाडी बंद पडली होती, हे त्यांनाच आठवतं.

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघाल, तेव्हा मागच्या सीटवरच्या सर्वांत लहान मुलाच्या हाती फोन द्या आणि पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत त्याला जे आवडेल ते टिपू द्या. प्रत्येक फोटोला गावाचं नाव आणि तारीख तेवढी न विसरता लिहा.