क्वार्टरचं गणित

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा होती. प्रार्थना झाली, हजेरी झाली आणि मग चौथीतला एक मुलगा डोळे चोळत दारात उभा राहिला.

"काऊन रे, उशीर?" मी विचारलं.

"मॅडम, शेजारी हळद होती न रात्री. जागरण झालं."

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, याले तीनदा क्वार्टर आणाले पाठवलं!" सगळा वर्ग हसला. तोही हसला. म्हणाला, "दर खेपेले पाच रुपये भेटले, मॅडम."

मला काही हसू आलं नाही. मी फळ्याकडे वळून तारीख लिहायला घेतली आणि तीही चुकवली. नऊ वर्षांच्या पोराला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. का वाटावं? त्यानं पाहिलं होतं ते असं: हळद म्हणजे डीजे, डीजे म्हणजे नाच आणि नाचायचं तर मंडपामागे जाऊन 'घेऊन' यायचं. घेणाऱ्यांत काका होते, मामा होते आणि अकरावी-बारावीतले दादाही होते. आमच्या वऱ्हाडात लग्नाची हळद, विसर्जनाची मिरवणूक आणि आता एकतीस डिसेंबर, हे दिवस पहिल्या घोटाचे झाले आहेत. कोणी पोरगा घरी एकटा बसून दारू सुरू करत नाही. सुरुवात चौघांत होते आणि तीही एका दमात, कोण किती रिचवतो या पैजेवर.

म्हणून आज जरा गणित करू या. आठवी-नववीच्या मुलांनी कागद-पेन्सिल घ्या. आईबाबांनीही सोबत बसायला हरकत नाही.

क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल किती? १८० गुणिले ४२.८ भागिले १००, साधारण ७७ मिलिलिटर. अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं, एक मिलिलिटरचं वजन सुमारे ०.७९ ग्रॅम. गुणाकार केला की उत्तर येतं ६१ ग्रॅमच्या जवळपास. आता पाहा, एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं तर त्याला 'अति पिणं' म्हणायचं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. म्हणजे मंडपामागे ज्याला "एकच तर क्वार्टर" म्हणतात, ती एकच त्या रेषेच्या पलीकडे पोचवते. (६० च्या आत ठीक, असं मात्र समजू नका. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं याच संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे.)

गणित अजून संपलं नाही. रक्तातली दारू काढायचं काम आपलं यकृत करतं, पण त्याचा वेग ठरलेला. मोठ्या माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. ६१ ग्रॅमला किती तास? निदान सहा. लिंबू चोखा, ताक प्या, डोक्यावर घागरभर पाणी ओता, यकृत काही घाई करत नाही. आणि पोरानं अर्ध्या तासात ती बाटली रिचवली असेल, तर उरलेली दारू तोवर रक्तातून थेट मेंदूत फिरत राहते. आधी तोल जातो, बोलणं अडखळतं. फार झालं की श्वास मंदावतो, आणि गळ्यात काही अडकलं तर खोकून बाहेर टाकायची शरीराची सवयही सुस्तावते. उताणा झोपलेला माणूस मग स्वतःच्याच उलटीनं गुदमरू शकतो. तुमचा मेंदू तर अजून घडतोय. विचार करून पाऊल टाकायला लावणारा त्याचा पुढचा भाग विशी ओलांडल्यावर, जवळपास पंचविशीपर्यंत पक्का होत जातो.

म्हणून एवढं लक्षात ठेवा, अगदी पाठ करा. कोणी पिऊन पडला आणि हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर "झोपू दे, सकाळी उतरंल" म्हणून त्याला सोडून जाऊ नका. त्याला कुशीवर वळवा, उलटी करवण्यासाठी घशात बोट घालू नका, तोंडात काही ओतू नका आणि १०८ ला फोन करा. घरचे रागावतील या भीतीनं थांबू नका. रागावणं दुसऱ्या दिवशी होतंच.

आता मुद्द्याची गोष्ट. हे थांबवायचं कसं?

आम्ही शिक्षक काय करतो? प्रभातफेरी काढतो. मीही कैक काढल्या आहेत. घोषणा देऊन पोरांचे घसे बसतात, ओट्यावर बसलेले बाप कौतुकानं पाहतात आणि संध्याकाळी व्हायचं ते होतंच. निबंध स्पर्धेतही 'दारूचे दुष्परिणाम' फार छान लिहून येतात. त्यांतले एक-दोन लेखक मी हळदीच्या मंडपामागे पाहिले आहेत.

खरा उपाय आपल्याच मातीतल्या एका माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली डेबूजी जन्मला. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू लहानच होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, म्हणजे अकोला जिल्ह्यात. पुढे डेबूजीचं लग्न झालं, मुलगी झाली, बारसं आलं. त्या काळी रीत अशी की जातभाईंना मटण आणि दारूचं जेवण द्यायचं. डेबूजीनं ते दिलं नाही, गोडाचं जेवण वाढलं. रीत मोडली म्हणून लोक रागावले, पण तो बधला नाही. हाच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. खराट्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. मला मात्र ते बारसं जास्त मोठं वाटतं. बाप ज्या दारूनं गेला, ती त्यानं लोकांना शिव्या देत नव्हे, आपल्याच घरच्या पंगतीतून बाहेर काढली. प्रसंग तोच ठेवला, ताट बदललं.

गंमत म्हणजे पार उत्तरेकडच्या आइसलँड नावाच्या बेटानंही असंच काहीसं केलं. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एकट्या अकोला शहराहूनही कमी. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांना विचारलं तर शंभरातल्या ४२ जणांनी सांगितलं, गेल्या महिन्यात आम्ही पिऊन झिंगलो होतो. तिथल्या जाणत्यांनी पोरांना नुसती भीती घातली नाही. मुलं रिकामी केव्हा असतात आणि कुणासोबत असतात, ते पाहिलं. दरवर्षी शाळाशाळांतून प्रश्नावली भरून घेतली. खेळ, संगीत, नाच यांच्या शिकवण्यांसाठी पैसे दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळाच्या मुलांनी दहानंतर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय बाहेर राहायचं नाही, असा कायदाच केला. आईबापांनी एकमेकांशी लेखी करार केले. आमच्या घरी मुलांना दारू मिळणार नाही, इतरांच्या मुलांवरही आम्ही लक्ष ठेवू. २०१६ पर्यंत शंभरातले ४२ होते, ते ५ उरले.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना लागतो. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायांनी, मोठी चळवळ केली आणि १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. गावातल्या बायांनी मागणी केली, मतदान झालं आणि निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला पडली, तर परवान्याचं दुकान बंद होतं, असा २००८ चा शासनाचा आदेश आहे. पण बंदी आली तरी चोरटी दारू येतेच, हे आमच्या शेजारच्या वर्ध्यानं दाखवलं आहे. म्हणून गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावानं बंदीच्या जोडीला गावसंघटना, शाळेतलं शिक्षण आणि व्यसनींवर उपचार असं सगळं एकत्र सुरू झालं. हे मला पटतं. व्यसन हा आजार आहे, त्याला दवाखाना लागतोच. घरात कोणाला दारू सुटत नसेल तर १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. हा फोन मुलांनीही करायला हरकत नाही.

आणि आमच्या त्या तीन खेपांचं काय? त्यावरही कायदा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला दारू देणं हा गुन्हा आहे, आणि दारू आणायला-न्यायला मुलाला वापरणं हाही गुन्हाच आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुढच्या पालकसभेत कोणाचंही नाव न घेता मी हे वाचून दाखवलं. सभेत सन्नाटा. मग एक आजी म्हणाली, "बाप्पा! मंग अर्धं गाव जेलात जाईन न मॅडम!" सगळे हसले, पण काही बाप खाली पाहत होते. मुलांना मी १०९८ हा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला लावला. कोणी दारू आणायला पाठवलं आणि नाही म्हणायची भीती वाटली, तर मॅडमला सांगा, नाहीतर या नंबरावर सांगा.

यंदाच्या एकतीस डिसेंबरला गावातल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर रात्रीची कबड्डी ठेवली. बायांनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली, गोवऱ्यांच्या धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. तीन खेपांचा आमचा हिरो आता पाचवीत आहे. तो खडू घेऊन फळ्यावर गुण लिहीत होता, आणि प्रामाणिकपणे सांगते, एका संघाला दोन गुण जास्तच लिहिले त्यानं. सगळे आले होते, फक्त दोन मोठी पोरं नव्हती. कुठं असतील ते सगळ्यांना ठाऊक होतं. साडेबाराच्या सुमारास त्यातला एक आला, मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभा राहिला. रोडगे संपत आले होते. कोणाच्या तरी आईनं हाक मारली, "उभा काऊन राहिला रे? ये, बस जेवाले."