न दिसणारी दुखापत

२००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत फलंदाजी करताना अनिल कुंबळे यांचा जबडा मोडला. जबड्याला पट्टी बांधून त्यांनी १४ षटके टाकली, लाराला पायचीत केले. आपण टाळ्या वाजवल्या. दुखापत डोळ्यांना दिसत होती.

मनाच्या दुखापतीला पट्टी नसते. २०२१च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स व्हॉल्टवरून उडाली. हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, झाल्या दीडच. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. मन आणि शरीर यांचा मेळ तुटतो. हवेत असताना जमीन कुठे आहे, हेच उमगत नाही. उतरणे चुकले तर मणका मोडू शकतो. बाइल्सने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. काहींनी तिला पळपुटी म्हटले. आठवड्याने ती बीमवर परतली, उतरताना गिरकी टाळली आणि कांस्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने ३ सुवर्णपदके जिंकली.

ओळीत कुठे थांबायचे हे चुकले की वृत्त मोडते, एवढे मला कवितेने शिकवले. खेळातही थांबता यावे लागते. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या पोराला आपण बसवतो. ‘आज भीती वाटते’ म्हणणाऱ्यालाही बसू द्यावे.