विश्लेषण : तीव्र विद्युतक्षेत्र कणांमधले ‘क्वांटम नाते’ जोडते की तोडते?

अवकाळी पावसात निफाडच्या द्राक्षबागांवर वीज कडाडते, तेव्हा यापेक्षा मोठी विद्युतशक्ती कुठे नसेल असे वाटते. कोरड्या हवेत ठिणगी पडण्यासाठी मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र लागते. भौतिकशास्त्रज्ञांना खुणावणारे क्षेत्र मात्र याच्या ४० हजार कोटी पटींहून मोठे आहे. तिथे हवाच नव्हे, तर निर्वात पोकळीही ‘फुटते’.

क्वांटम नाते म्हणजे काय?

एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांवरील मापनांचे निकाल परस्परांशी जुळतात. मग ते कण कितीही दूर असोत. निकाल आधीच ठरलेले होते, असे मानून हा मेळ उलगडत नाही. याला एन्टँगलमेंट म्हणतात. त्यावरील प्रयोगांसाठी अॅस्पे, क्लाऊझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

विद्युतक्षेत्र काय करते?

ज्युलियन श्विंगर यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, अतितीव्र क्षेत्रात निर्वातातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. क्षेत्र दोघांना विरुद्ध दिशांना खेचते, पण ते गुंतलेलेच राहतात. पुण्याच्या ‘आयुका’तील दिवंगत शास्त्रज्ञ थानू पद्मनाभन यांनीही विद्युतक्षेत्र आणि गुरुत्वाकर्षणामुळे होणाऱ्या कणनिर्मितीवर संशोधन केले.

क्षेत्र वाढले की नातेही घट्ट?

नेहमीच नाही. जोडी जन्मण्याची शक्यता निम्मी असते, तेव्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचे गुंतलेपण सर्वाधिक असते. नाणेफेकीसारखी अनिश्चितता तेव्हाच कमाल असते. क्षेत्र आणखी वाढवले, की जोडी जवळपास नक्की होते आणि गुंतलेपण घटते. आधीपासून गुंतलेल्या कणांचे नाते तर नव्या जोड्यांच्या गर्दीत क्षीण होते. म्हणजे एकच क्षेत्र नवे नाते जोडते आणि जुने सैल करते.

हे प्रत्यक्षात दिसले आहे का?

यासाठी मीटरमागे सुमारे १३ वर १७ शून्ये इतके व्होल्ट हवेत. स्थिर क्षेत्राने निर्वातातून अशी जोडी निर्माण झाल्याचे अद्याप थेट दिसलेले नाही. ग्राफीनमध्ये मात्र कमी क्षेत्रातही अशाच प्रक्रियेची चिन्हे मिळाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याला याचे काय?

विद्युतक्षेत्राचा त्रास क्वांटम यंत्रांना आजही होतो. विद्युतभारित अणूंवर चालणाऱ्या क्वांटम संगणकात इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरील क्षेत्राचे किरकोळ चढउतारही अणूंना हलवून गणित बिघडवतात. हीच संवेदनशीलता अतिसूक्ष्म क्षेत्रे मोजण्यासाठी उपयोगी पडते. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६ हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदक आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. यंत्र बिघडवणारे क्षेत्र हाताळायचे कसे, यावरच या तंत्रज्ञानाची बरीच मदार आहे.