श्रीदत्तांचे सहचर आणि घरातील सुवास

मार्गशीर्ष पौर्णिमेची चाहूल लागली की घरोघरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. चौरंगावर श्रीदत्तात्रेयांची तसबीर, पाठीशी धेनू, चरणांपाशी चार श्वान. हे श्वान म्हणजे चार वेद, असे आम्ही कीर्तनातून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. परंतु तसबिरीतील श्वानाचा अर्थ सांगणे निराळे आणि समोर बसलेल्या श्वानाचे दुःख ओळखणे निराळे, हे आम्हांस काही वर्षांपूर्वी एका यजमानांच्या घरी उमगले.

सप्ताहाचा सहावा दिवस. थंडीमुळे दिवाणखान्याच्या खिडक्या लावलेल्या. उदबत्त्या, धूप आणि विजेच्या कापूरदाणीत दिवसभर तापणारा कापूर. घरचा कुत्रा दत्तगुरूंचा सहचर म्हणून, गळ्यात झेंडूची माळ घालून, देवासमोर बांधलेला. गोचिडांवर उपाय म्हणून घरच्या मंडळींनी त्याच दिवशी दुपारी त्याच्या पाठीवर टी-ट्री नावाचे उग्र वासाचे तेल चोळले होते. पूर्वरंग चालू असता तो लाळ गाळू लागला, मान थरथरू लागली. "पाहा, नामात कसा रंगला आहे!" असे आम्हीच उद्गारलो आणि सभा हसली. उत्तररंगात तो उठू लागला तो मागच्या पायांवर लटपटून पडला. कोणी म्हणाले, त्याच्या अंगात आले. पशुवैद्यांनी मात्र अंगावरचे तेल पाहताच खरे कारण सांगितले. तो वाचला, आमचे ते वाक्य मात्र आम्हांस अजून टोचते.

अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली या तेलाच्या विषबाधेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००२ ते २०१२ या काळातील ४४३ प्राणी त्यात आहेत. पैकी ३३७ कुत्री, बाकीची मांजरे. त्यांतील शंभरी ८९ प्राण्यांना ते तेल माणसांनी हेतुपुरस्सर, बहुधा औषध म्हणूनच, दिले किंवा लावले होते. म्हणजे इजा झाली ती द्वेषाने नव्हे, सेवेनेच!

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. देवशुनी सरमेचे पिल्लू यज्ञस्थानी आले. त्याने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. तेव्हा सरमेने शाप दिला की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. आज हे अदृष्ट भय आम्हीच सरमेच्या लेकरांवर आणीत आहोत, आणि तेही देवाच्या नावाने.

गंध आणि धूप हे पंचोपचारांतील दोन उपचार. ते सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. पूर्वीच्या वाड्यांत चौक उघडा असे, धूर वर निघून जाई, आणि कुत्र्यास नकोसे झाले की ते उठून ओट्यावर जाई. आताच्या बंद सदनिकेत त्यास जाण्यास वाटच नसते. ज्याचे घ्राण आपल्याहून कितीतरी पटींनी तीक्ष्ण, त्यास आपला मंद सुवासही मंद नसतो. म्हणून धूपाच्या वेळी खिडकी उघडी असावी, त्यास बांधू नये. पिल्ले, म्हातारी कुत्री आणि पगसारखी चपट्या नाकाची जात यांस धुराचा त्रास अधिक.

खरा घात मात्र अंगावर चोळलेल्या आणि पोटात गेलेल्या पदार्थांनी होतो. कापराची वडी गिळल्यास थोड्या वेळात झटके येऊ शकतात. आरतीनंतर उरलेला कापूर घट्ट डबीत, उंचावर ठेवावा. कपाटातील डांबराच्या गोळ्यांचेही तेच. निलगिरी, दालचिनी, लवंग, विंटरग्रीन ही तेले निर्भेळ स्थितीत फार तीव्र. फरशी पुसण्याच्या पाण्यात ती घातली की पंजांना लागतात आणि मग चाटण्यातून पोटात जातात. गोचिडांचे औषध पशुवैद्यांकडूनच घ्यावे. (मांजरांचे यकृत तर अशा द्रव्यांपुढे अधिकच दुबळे.)

लाळ, उलटी, झोकांड्या, कंप यांपैकी काही दिसल्यास त्यास मोकळ्या हवेत न्यावे. तेल अंगास लागले असल्यास भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने धुवावे, चाटू देऊ नये. पोटात गेले असल्यास घरी ओकारी काढू नये. तेल श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन तडक पशुवैद्य गाठावा. पारायणाचे नियम कडक खरे, पण अध्याय अर्धा ठेवून उठावे लागले तरी उठावे. आम्ही त्या रात्री आख्यान तेथेच थांबविले. आरती दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडक्या उघडून झाली.