विडालचा अहवाल आणि टायफॉइडचे निदान

पावसाळ्यात महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते, आणि दोन-तीन दिवसांच्या तापासाठी केलेल्या रक्ततपासणीवर ‘विडाल पॉझिटिव्ह’ असा शेरा आला, की घरात ‘टायफॉइड निघाला’ असे ठरून जाते. शेजारी, नातेवाईक आणि औषधाचे दुकानदार हे निदान निमूटपणे स्वीकारतात. काही वेळा चिकित्सकही ते तपासून न पाहता उपचार सुरू करतात. प्रत्यक्षात त्या कागदावर टायफॉइडचे जंतू सापडल्याची नोंद नसते. रुग्णाच्या रक्तातील काही प्रतिपिंडांनी, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांनी, प्रयोगशाळेतील विशिष्ट द्रावणाशी प्रतिक्रिया दिली, एवढेच त्यातून कळते. या दोन गोष्टींतील अंतर शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाला माहीत असूनही त्याकडे दुर्लक्ष होत राहावे, हे खेदजनक आहे.

टायफॉइड, म्हणजे मराठीत ज्याला मुदतीचा ताप किंवा विषमज्वर म्हटले जाते तो आजार, ‘साल्मोनेला टायफी’ या जिवाणूमुळे होतो. रुग्णाच्या किंवा वाहकाच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी वा अन्न पोटात गेल्यावर हा जिवाणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो, आणि साधारणपणे एक ते दोन आठवड्यांनी ताप सुरू होतो, जो योग्य उपचार न झाल्यास कित्येक आठवडे टिकू शकतो व तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत जाऊ शकतो. हा आजार काल्पनिक नाही आणि किरकोळही नाही. भारतात २०१७ ते २०२० या काळात मुलांच्या गटांवर लक्ष ठेवून केलेल्या आणि २०२३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तसंवर्धनाने (रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून) सिद्ध झालेल्या टायफॉइडचे प्रमाण शहरी ठिकाणी दर एक लाख बालवर्षांमागे ५७६ ते ११७३ इतके, तर पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात केवळ ३५ इतके आढळले. (एका मुलावर एक वर्षभर ठेवलेली देखरेख म्हणजे एक बालवर्ष.) म्हणजे टायफॉइड खराच आहे, पण सर्वत्र सारखा नाही, आणि म्हणूनच विडालचा सारखाच अहवाल दोन ठिकाणी सारख्याच वजनाचा ठरत नाही.

फ्रेंच वैद्य फर्नांड विडाल यांनी १८९६ साली ही चाचणी मांडली. रुग्णाच्या रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव, म्हणजे रक्तद्रव, टायफॉइडच्या जिवाणूंमध्ये मिसळला असता त्यात प्रतिपिंडे असल्यास जिवाणूंचे पुंजके बनतात, हे चाचणीचे तत्त्व आहे. जिवाणूच्या पृष्ठभागावरील घटकाला ‘ओ’ आणि त्याच्या शेपटीसारख्या तंतूंवरील घटकाला ‘एच’ अशी नावे असून, दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे वेगवेगळी मोजतात. अहवालातील १:८० किंवा १:१६० हे आकडे रक्तद्रव किती पातळ केल्यावरही पुंजके दिसतात ते सांगतात, त्याला टायटर म्हणतात. १:१६० म्हणजे एकशे साठपट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया झाली. या आकड्याचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध नसतो, तरीही ‘याचा टायफॉइड एकशे साठ आहे’ अशी भाषा, जणू तो ज्वरमापकावरचा अंश असावा, सर्रास ऐकू येते.

खरी अडचण अशी, की प्रतिपिंडे आजच्या संसर्गाची आहेत की जुन्या, हे एका नमुन्यावरून ओळखता येत नाही. ज्या प्रदेशात दूषित पाण्यातून साल्मोनेला गटातील जिवाणूंशी शरीराचा संपर्क वारंवार येतो, तेथील निरोगी माणसांच्या रक्तातही कमी-अधिक टायटर आढळते, त्यातील ‘एच’ प्रतिपिंडे तर वर्षानुवर्षे टिकू शकतात. शिवाय ‘ओ’ घटक साल्मोनेलाच्या इतर जातींतही सामायिक असतो, त्यामुळे त्यांच्या संसर्गातही चाचणी होकारार्थी येते. आणि मलेरियासारख्या अगदी वेगळ्या तापातही, शरीराची प्रतिकारयंत्रणा एकदा चेतवली गेली की जुनी प्रतिपिंडे वर येऊ शकतात. त्यात भर म्हणून बहुतेक छोट्या प्रयोगशाळांत काचपट्टीवरील झटपट पद्धत वापरतात, जी नलिकेत रात्रभर ठेवून केलेल्या चाचणीपेक्षा कमी काटेकोर असते. एका अहवालाऐवजी दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत टायटर चौपट वाढल्याचे दिसले, तरच तो पुरावा मानावा असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण दुसरा नमुना क्वचितच घेतला जातो.

या गोष्टीचे गणित मांडले तर गोंधळ स्पष्ट होतो. समजा, तापाच्या १००० रुग्णांपैकी ३० जणांना खरोखर टायफॉइड आहे, चाचणी शंभरातील ७० खरे रुग्ण पकडते आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांपैकी १५ जणांत चुकून होकारार्थी येते. अशा वेळी खऱ्या रुग्णांपैकी २१ जण होकारार्थी येतील, पण टायफॉइड नसलेल्या ९७० जणांपैकी सुमारे १४५ जणही होकारार्थी येतील, म्हणजे होकारार्थी अहवाल हाती असलेल्या आठ जणांपैकी जेमतेम एकाला टायफॉइड असेल. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले तरी गणिताचा रोख बदलत नाही: आजार विरळ आणि चाचणी ढोबळ असेल तर खोटे होकार खऱ्या होकारांवर मात करतात. नकारार्थी अहवालही विश्वासाचा नाही, कारण ‘ओ’ प्रतिपिंडे तापाच्या सहाव्या ते आठव्या दिवसानंतर आणि ‘एच’ त्याहूनही उशिरा दिसू लागतात. रक्तसंवर्धनाने सिद्ध झालेल्या रुग्णांतही ३० टक्क्यांपर्यंत विडाल नकारार्थी असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या टायफॉइडविषयक दस्तऐवजात नमूद आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी घाईने केलेल्या विडालने टायफॉइड आहे किंवा नाही, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही.

इतके असूनही चुकीच्या शिक्क्याने फार तर चार जादा गोळ्या पोटात जातील, अशी समजूत असेल तर तीही सोडली पाहिजे. ‘टायफॉइड’ म्हटल्यावर मूळ आजाराचा शोध थांबतो. उदाहरणार्थ, विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफस या वेगळ्या तापाचा उद्रेक झाला होता. या आजारावर डॉक्सिसायक्लिन लागू पडते, तर टायफॉइडसाठी सलाइनमधून दिले जाणारे सेफ्ट्रिअॅक्सोन निरुपयोगी ठरते. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर पसरलेला लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातील डेंग्यू आणि मलेरिया यांचीही सुरुवात ताप, डोकेदुखी आणि अंगदुखीनेच होते. शिवाय टायफॉइडच्या जिवाणूंवर पूर्वी हमखास चालणारे सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात आज बहुतांश ठिकाणी लागू पडत नाही, आणि ज्यांना टायफॉइड नाही अशा असंख्य रुग्णांना प्रतिजैविके देत राहिल्याने हा प्रतिरोध वाढतोच.

याच गैरसमजाचे एक चिवट पिल्लू म्हणजे ‘जुना टायफॉइड’ अंगात मुरल्याची कल्पना. उपचार पूर्ण होऊन ताप गेल्यावर ‘आता साफ झाला का’ हे पाहण्यासाठी पुन्हा विडाल केली जाते, ती होकारार्थीच येते, आणि दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही औषधे सुरू होतात. प्रतिपिंडे आजारानंतर महिनोन्महिने राहणारच, त्यामुळे बरे झाल्याची खात्री विडालने करता येत नाही आणि ती करण्याचे कारणही नाही. टायफॉइड काही रुग्णांत खरोखर उलटतो, पण ते ताप परत येण्यावरून आणि पुन्हा केलेल्या रक्तसंवर्धनावरून ठरते. पित्ताशयात जिवाणू बाळगणारे दीर्घकालीन वाहक असतात हेही खरे. त्यांना ओळखण्यासाठी विष्ठेचे संवर्धन करावे लागते.

मग तपासणी कोणती आणि केव्हा? टायफॉइडसाठी विश्वासार्ह चाचणी रक्तसंवर्धन ही आहे, म्हणजे रुग्णाचे रक्त पोषक द्रावणात ठेवून जिवाणू वाढतो का ते पाहणे. अर्थात तीही निर्दोष नाही: ती शंभर खऱ्या रुग्णांपैकी साधारण साठांनाच पकडते, कारण रक्तात जिवाणूंची संख्या फार कमी असते. म्हणून प्रौढांत निदान दहा मिलिलिटर रक्त घेणे आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेणे, या दोन अटी पाळाव्या लागतात; दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन मग तपासणीला येणारा रुग्ण ही संधी स्वतःच घालवतो. अहवालाला काही दिवस लागत असले तरी वाढलेल्या जिवाणूवर कोणते औषध चालते हे त्याच चाचणीतून कळते. टायफिडॉटसारख्या नव्या झटपट चाचण्या विडालपेक्षा काहीशा बऱ्या असल्या तरी २०१७ च्या कोक्रेन समीक्षेने, म्हणजे उपलब्ध अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्याने, त्यांची अचूकता मध्यम स्वरूपाचीच ठरवली आहे.

वेळेचा नियम आजारागणिक बदलतो. मलेरिया असलेल्या भागात कोणत्याही तापात त्याच दिवशी रक्ताचा नमुना तपासावा, आणि तो नकारार्थी येऊनही ताप टिकला तर पुन्हा घ्यावा, कारण एका नमुन्यात परजीवी हुकू शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएसवन चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, पुढे प्रतिपिंडांची करावी लागते. यांपैकी काही न निघता ताप पाच दिवसांपुढे चढता राहिला, जेवण तुटले, पोट दुखू लागले, तर रक्तसंवर्धनाचा आग्रह धरावा; मात्र शुद्ध हरपणे, श्वास लागणे, सतत उलट्या होणे, रक्तस्राव किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही दिसल्यास चाचणीच्या प्रतीक्षेत न थांबता रुग्णालय गाठावे. विडाल लोकप्रिय का आहे, हेही समजून घ्यायला हवे: ती स्वस्त आहे, अहवाल त्याच दिवशी मिळतो, रक्तसंवर्धनाची सोय अनेक गावांत नाही, आणि ‘काहीतरी तपासा’ म्हणणाऱ्या रुग्णाला निष्कर्ष न देता परत पाठवणे चिकित्सकाला जड जाते. ही कारणे खरी आहेत, पण त्यांनी चाचणी अचूक होत नाही.

आजार आणि तपासण्यांविषयीच्या इतर समजुतींना थोडक्यात उत्तर पुरे. डेंग्यूत प्लेटलेट्स एक लाखाखाली आल्या म्हणजे त्या चढवल्याच पाहिजेत असे नाही. रक्तस्राव नसताना राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दहा हजारांखाली गेल्यावरच तसा विचार होतो, आणि खरा धोका ताप उतरू लागल्यावरच्या एक-दोन दिवसांत असतो. हिमोग्लोबिन ठीक असले तरी लोहाचा साठा आटलेला असू शकतो, त्यासाठी फेरिटिन तपासतात. युरिक अॅसिड वाढले पण सांधा दुखत-सुजत नाही, तर तो संधिवात नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याला मात्र ‘हवा बदलली’ म्हणून सोडू नये, थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी, ती सरकारी केंद्रांत मोफत होते. तापात उपाशी ठेवल्याने ताप लवकर जात नाही, टायफॉइडमध्येही मऊ भात, खिचडी, भाकरीचा काला असे पचेल ते अन्न द्यावे.

टायफॉइडच्या लशीबद्दलही एक गैरसमज नव्याने पसरला आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली नऊ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची संयुग्मित लस देण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि लस घेतलेल्या मुलाच्या विडालचा अहवाल होकारार्थी आला की तो लशीमुळे आला किंवा लसच वाया गेली, असे दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. ही लस जिवाणूवरील ‘व्हीआय’ नावाच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, विडाल ‘ओ’ आणि ‘एच’ तपासते. म्हणून लशीने विडाल सहसा होकारार्थी होत नाही, आणि विडाल होकारार्थी आली म्हणून लस अपयशी ठरत नाही.