पोट आत नको, ताल आत!

फोटो काढायची वेळ आली की आपण सगळ्यात आधी काय करतो? स्माइल नंतर, पहिल्यांदा पोट आत! लिफ्टमध्ये, ट्रायल रूममध्ये, बॉससमोर प्रेझेंटेशन देताना... दिवसभर आपण अर्धा श्वास रोखूनच वावरत असतो. अशात कुणी म्हणालं, 'पोट सैल सोडा आणि नाचा', तर?

बेली डान्स म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती 'शोले'मधली (१९७५) हेलन, नाहीतर 'गुरू'मधली (२००७) मल्लिका शेरावत. सपाट पोट, चमचमता कमरपट्टा. आपल्यासारख्या वडापाववाल्यांचं हे काम नव्हे, असा आपला ठाम समज. पण या नाचाचा खरा फंडा पोटात नाही, कानात आहे! हे मला कळलं अलिबागला.

मुंबईतल्या एका शिक्षिकेनं अलिबागजवळ नारळाच्या वाडीतल्या एका घरात वीकएंड वर्कशॉप ठेवलं होतं. गेटवेहून बोट, मांडव्याहून रिक्षा, की पोचलोच. आम्ही सातजणी. कुणी बँकेतली, कुणी आयटीवाली, तर एक बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर राहायला आलेली. पडवीत पाऊल टाकताच पहिला प्रश्न आला, "इथे आरसा कुठेय?"

"नाहीये. म्हणून तर इथे आलोय," शिक्षिका म्हणाली.

पहिला तासभर कुणी नाचलंच नाही. फक्त ऐकायचं आणि टाळ्या वाजवायच्या. इजिप्तमध्ये या नाचाला साथ करणाऱ्या तालवाद्याला चक्क 'तबला'च म्हणतात, बरं का! दिसतो मात्र उभ्या पेल्यासारखा, एकाच तोंडाचा. मधोमध थाप पडली की घुमणारा 'दुम', काठावर पडली की टणक 'तक'. 'दुम तक, तक दुम, तक' हा त्यांचा 'मक्सूम' नावाचा ताल. आपल्या केरव्यासारखाच आठ मात्रांत बसतो. टाळ्या जमल्या, मग पावलं आली, मग 'दुम'ला कंबर खाली.

त्यानंतरची गंमत तर सॉलिड आहे. प्रत्येक वाद्याला शरीराचा वेगळा भाग उत्तर देतो. तबला बोलला की कंबरेचे ठसके. 'कानून' हे आपल्या स्वरमंडळासारखं दिसणारं तंतुवाद्य थरथरलं की अंगभर 'शिमी', म्हणजे बारीक थरथर. 'नाय' ही बासरी लांब सूर धरते, तेव्हा पोटातून छातीकडे सरकणारी संथ लाट. इतकं सगळं ऐकायचं म्हटल्यावर आपण कशा दिसतोय, याचं टेन्शन घ्यायला डोक्यात जागाच उरत नाही!

दुपारी ती बाळाची आई हळूच म्हणाली, "डिलिव्हरीनंतर मी आरशासमोर उभीच राहिले नाहीये." दुसऱ्या दिवशी शिक्षिकेनं उम्म कुलसूमचं १९६४ सालचं 'इन्ता ओम्री' लावलं. आधी नुसती वाद्यंच कितीतरी वेळ वाजतात. डोळे मिटून सगळ्यात निवांत नाचली ती हीच. तिचं पोट कालचंच होतं. फक्त आज ते लपवायचं नव्हतं, त्याच्याकडे एक काम होतं.

दारातून बघणाऱ्या, आमचं जेवण करणाऱ्या कोळीणमावशी हसल्या. "आम्ही कुठं आरसा बघून नाचतो, पोरी? ढोल वाजला की कंबर हलतेच!" खरंच की! नारळी पौर्णिमेला, हळदीला या किनाऱ्यावर आज्जीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचतात. वजनकाटा कुणी विचारत नाही.

मग आपलीच कंबर का आखडते? कारण 'चांगल्या घरच्या मुली असं नाचत नाहीत' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकलंय. लावणीनं ते सोसलं, बेली डान्सनंही. बदिया मसाबनीनं १९२६ मध्ये कैरोत आपलं संगीतगृह सुरू केलं. पुढे तिथूनच तहिया कारिओका आणि सामिया गमाल या स्टार झाल्या, तरी नाचणारीकडे बघायची नजर काही सरळ झाली नाही. आपल्याकडे बसल्या जागी नजरेनं, हातांनी लावणी रंगवणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना 'पद्मश्री' मिळाली २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर! कला तिथेच होती, लाज बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होती. ती लाज आपण आपल्याच पोटावर का वागवायची?

घरी ट्राय करायचंय?

• दार लावा, आरशाकडे पाठ करा. कमरेला जुनी ओढणी बांधा, महागडा ड्रेस नको.

• एकच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ताल, मग फक्त सूर, मग सगळं.

• गुडघे किंचित वाकवा, श्वास चालू ठेवा. एका वेळी शरीराचा एकच भाग हलवा.

• पाठदुखी असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, लग्नसराईत अलिबागकडून हळदीचं आमंत्रण आलं, तर खुर्ची पकडून बसू नका. तिथे आरसा नसतो!