तीनशे चौऱ्याऐंशी चिरे आणि एक गलबत

दिवाळीच्या किल्ल्यातली एक गोष्ट कोणालाच खटकत नाही. महाराज सिंहासनावर वीतभर उंचीचे असतात, पहाऱ्याचा मावळा त्यांच्या गुडघ्याला लागतो, भाजीवाली बुरुजाहून उंच असते आणि हळिवाच्या शेतात चरणारी गाय दरवाजातून आत जाऊ म्हणेल तर तट पाडावा लागेल. मुलांना त्याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. पण हाच खेळ मोठ्या माणसाच्या हाती पडला आणि त्यात रुळांवरून धावणारी गाडी आली, की मापाचे भूत मानगुटीवर बसते. गेली सहा वर्षे ते माझ्या मानगुटीवर आहे.

आमच्या मागच्या खोलीत सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशा फळीवर कोकणातली एक खाडी आहे. काठाला धक्का, धक्क्याला लागून रेल्वेचे चिमुकले स्थानक, चढणीवर चार चिरेबंदी घरे आणि खाली होड्या. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या जगातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर. या हिशेबाने मी स्वतः जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. सौ.च्या मते तेही जास्तच आहे.

"पण कोकणात धक्क्यावर रेल्वे होती कधी?" हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. नव्हती. कोकण रेल्वे सबंध सुरू झाली ती 1998 च्या जानेवारीत, आणि तोवर खाडीतली शिडाची गलबते जवळजवळ नाहीशी झाली होती. गलबत आणि आगगाडी एकाच चित्रात आणायची तर इतिहासाला थोडी विनंती करावी लागते. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली अडीच फुटी रुळांवर धावू लागली. तसलीच एखादी गाडी घाटाखाली उतरून बंदरापर्यंत आली असती तर, एवढीच माझी कल्पना. तिला गणितानेही हात दिला. अडीच फुटांना सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. आपली मोठी साडेपाच फुटी लाइन करू म्हटले तर सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. तो दुकानात मिळत नाही, हाताने बसवावा लागतो.

कल्पनेतल्या गावाला खरी घरे देण्याची ही रीत इंग्रजांची. लंडनचे जॉन अहर्न यांनी 1930 नंतरच्या दशकात 'मॅडर व्हॅली' नावाचे एक आख्खे खोरे घरात उभारले. तोवर या छंदातली मंडळी इंजिनाच्या चाकांत गुंग असत. रुळांच्या कडेला काय आहे याची फारशी फिकीर कोणी करत नसे. अहर्नने दगडी घरे, दुकाने आणि मॅडरपोर्ट नावाचे बंदरसुद्धा केले. त्याच्या मृत्यूनंतर ते खोरे ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटेनहॅम गावी, पेंडन संग्रहालयात नांदते आहे. हे संग्रहालय 1954 साली रॉय इंग्लंड या गृहस्थांनी काढले. आडनाव इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा! 1925 साली तो तिथे आला आणि गवती छपरांची, खडूच्या आणि चिकणदगडाच्या भिंतींची जुनी घरे एकामागून एक पडताना, बदलताना पाहू लागला. घरे वाचवणे त्याच्या हातात नव्हते. त्याने ती मोजायला आणि पुठ्ठ्यात पुन्हा बांधायला घेतली. परसातली कोबीची रोपेसुद्धा सोडली नाहीत.

या माणसाविषयी वाचले तेव्हा मला आमचे आजोळ आठवले. रत्नागिरीकडे खाडीकाठचे ते घर 2009 साली पाडले. मामेभावांनी तिथे स्लॅबचे घर बांधले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. गळक्या कौलांखाली पावसाळा ज्याने काढला आहे त्यालाच स्लॅबची किंमत कळते. पण घराचा धड फोटो एकही नव्हता. होता तो मावशीच्या लग्नातला, आणि त्यात घराचा एक खांब व बाकी सगळी वऱ्हाडी मंडळी.

तेव्हा मापे घेतली ती आईकडून. आईला फुटांत काहीच आठवत नाही. "पडवीत आम्ही तिघी बहिणी आडव्या झोपायचो आणि पायथ्याशी उखळाला जागा उरायची," ती म्हणाली. तीन अंथरुणे आणि एक उखळ: नऊ फूट. ओटीची उंची? "अरे, मी चौथीत असताना चौथऱ्यावर कोपर टेकत असे." खिडकी? "तिच्यात बसून पाय सोडले की टाचा जमिनीला लागत नसत." आईच्या देहावर ते सबंध घर कोरलेले होते, आणि मी ते साडेतीन मिलिमीटरांत उतरवून घेत होतो.

भिंत जांभ्याची. या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव 1807 साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारात दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव चपखल आहे, कारण खाणीत हा दगड कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्यावर पडला की टणक होतो. सव्वा फुटी चिरा माझ्याकडे साडेचार मिलिमीटरांचाही भरत नाही. दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस आणि फेव्हिकॉल यांचा पातळ थर द्यायचा, तो ओलसर असतानाच जुन्या दातघासणीने ठोकून जांभ्याची भोके उठवायची, आणि सुकत आला की दाभणाने सांधे ओढायचे. वरच्या थरातला सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर आलाच पाहिजे. तीस फूट लांब, दहा फूट उंच अशा समोरच्या भिंतीला हिशेबाने तीनशे चौऱ्याऐंशी चिरे, दारे-खिडक्या वजा.

खरी परीक्षा रंगाची. सगळे चिरे एका लाल रंगात बुडवले की घर बिस्किटाच्या डब्यासारखे दिसते. गेरू, थोडी पिवडी, कुठे जांभळट छटा, आणि चौथऱ्यापाशी पावसाळ्यांचा काळपट हिरवा पुसट हात. रंग खऱ्याहून फिका ठेवावा, कारण दोन फुटांवरून पाहिलेले छोटे घर खरे तर पावणेदोनशे फुटांवरचे घर असते, आणि मधली हवा रंग खाते.

छपराला मंगलोरी कौले. मंगळूरला बाझल मिशनने त्यांचा पहिला कारखाना 1865 साली घातला आणि मग गलबते भरभरून ती कौले खाड्याखाड्यांतून वर आली. आजोळचे एक कौल पाडकामातून मी उचलून आणले होते. सोळा इंच लांब. माझ्या छपरावर पावणेपाच मिलिमीटर. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर बोथट पेनाने पन्हळी उठवून त्या खालून वर चढवत नेतो. दोनचार कौले मुद्दाम सरकलेली ठेवतो. एकही कौल सरकलेले नाही असे घर कोकणात फक्त पुढाऱ्याचे असते.

होड्यांचे खाते मामांचे. त्यांचे बालपण धक्क्यावर गेले. मी खाडी भरतीची करणार असे ऐकून ते चक्क रागावले. "भरतीला काय दिसणार? पाणी! ओहोटी दाखव. चिखल दाखव." हे म्हणणे सोपे आहे. भरतीच्या होडीला बूड लागत नाही. पाण्याच्या रेषेवर कापून चिकटवली की झाले. ओहोटीची होडी मात्र कुशीवर कललेली, सगळे अंग उघडे. चाळीस फुटी गलबत साडेपाच इंचांचे होते. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची असत. ते मऊ आणि हलके लाकूड मिळवून मी फळ्यांचे थर एकावर एक डकवले आणि कोरत गेलो. वरचे अंग माशाच्या तेलाने काळवंडलेले, बुडाला चुना. शीड चहात उकळलेल्या मलमलीचे, दोर मेणातून ओढलेल्या दोऱ्याचे. डोलकाठी मामांनी स्वतः बोटाने पुढे झुकवली. "इंग्रजांची ताठ किंवा मागे कललेली, आपली पुढे," ते म्हणाले. उलांडीची छोटी होडी मी अजून चिखलात ठेवलेली नाही. तिची उलांडी डाव्या अंगाला की उजव्या, यावर ते विचार करत आहेत.

सध्या काम अडले आहे ते पायऱ्यांवर. अंगणातून ओटीवर चढायला आईच्या म्हणण्याप्रमाणे पाच पायऱ्या होत्या. मामा म्हणतात चार, आणि पाचवी ती नव्हेच, पाय धुण्याचा दगड. फोनवर दोनदा वाद झाला. दुसऱ्या वेळी आईने फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो लहान होता, त्याला काय आठवणार!" मामा आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. भाऊबीजेला ते येणार आहेत. तोवर पाचही पायऱ्या करून काडेपेटीत ठेवल्या आहेत, डकवलेल्या नाहीत.